इन्फ्लुएन्झाचं चमकतं हिमॅग्लुटिनिन: प्लाझ्मिड हाती आल्यापासून पेशीत दिसेपर्यंत

ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर या पट्ट्यात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा पुष्कळ आहेत. तिथे एम.एस्सी.चा प्रकल्प करणारी मुलंमुली ट्रान्सफेक्शननंतर, म्हणजे पेशीत बाहेरचं डीएनए घातल्यानंतर, सूक्ष्मदर्शकात डोकावतात आणि म्हणतात, "पेशी हिरव्या दिसल्या, झालं काम." खरं काम तिथून पुढे असतं. हिरवा रंग एवढंच सांगतो की पेशीत कुठेतरी जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, आहे. ते आपल्या प्रथिनाला जोडलेलं आहे का, प्रथिन नीट घडी पडून पेशीच्या पृष्ठभागावर पोचलं का, हे वेगळं तपासावं लागतं. हा लेख त्या तपासण्यांभोवतीच लिहिला आहे. पिपेट कशी धरायची हे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

उदाहरण इन्फ्लुएन्झा ए विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनचं घेऊ. विषाणूच्या आवरणावर हे प्रथिन तीन-तीनच्या जुडीने उभं असतं, पेशीवरच्या सियालिक आम्लाला चिकटतं आणि आत शिरण्याचं दार उघडतं. विषाणूच्या जनुकसंचाचे आठ तुकडे असतात. त्यातला हा चौथा. आपल्या प्लाझ्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळात, त्या एका तुकड्याचा प्रथिन बनवणारा भाग असतो, बाकी सात नसतात, त्यामुळे यातून विषाणू तयार होत नाही. घरच्यांनी "फ्लूवर काम करतोस म्हणे" असं काळजीने विचारलं तर हे सांगायला हरकत नाही.

आधी नकाशा, मग पिपेट

पहिली अडचण शोधतानाच येते. प्लाझ्मिडच्या संग्रहात "एचए" (हिमॅग्लुटिनिनचं लघुरूप) टाइप केलं की शेकडो निकाल येतात आणि त्यातले बहुतेक आपल्या कामाचे नसतात. हिमॅग्लुटिनिनमधला नऊ अमिनो आम्लांचा छोटा तुकडा जगभर "एचए टॅग" म्हणून दुसऱ्याच प्रथिनांना जोडला जातो, आणि यादीत तीच प्लाझ्मिडं भरलेली असतात. तेव्हा पूर्ण "हिमॅग्लुटिनिन" हा शब्द, उपप्रकार आणि विषाणूचा स्ट्रेन पाहूनच पुढे जा. हाच गोंधळ अँटिबॉडी मागवताना पुन्हा होतो. त्याकडे नंतर येऊ.

प्लाझ्मिड सापडलं की त्याचा संपूर्ण क्रम उतरवून स्नॅपजीन व्ह्यूअर किंवा बेंचलिंगमध्ये उघडा. दोन्ही फुकट वापरता येतात. आता पहिला प्रश्न: चमकणारं प्रथिन कुठल्या टोकाला आहे?

हिमॅग्लुटिनिन पेशीच्या पटलातून एकदाच आरपार जातं. त्याच्या एन टोकाला, म्हणजे सुरुवातीला, सिग्नल पेप्टाइड असतं. ते प्रथिनाला एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमकडे, म्हणजे ईआरकडे नेतं आणि मग कापलं जातं. सी टोकाची, म्हणजे शेवटची, दहा-अकरा अमिनो आम्लांची आखूड शेपटी पेशीच्या आतल्या बाजूला राहते. टॅग, म्हणजे ते चमकणारं प्रथिन, सिग्नल पेप्टाइडच्या आधी लावला तर ते प्रथिन ईआरकडे नीट वळेलच याची खात्री उरत नाही. सिग्नल पेप्टाइडच्या लगेच नंतर लावला तर टॅग बाहेरच्या बाजूला येतो, आणि वाटेत गॉल्जीच्या पुढच्या आम्लधर्मी कप्प्यांतून जाताना ईजीएफपी (जीएफपीचा जास्त चमकणारा प्रकार) मंदावतं, कारण सामू सहाच्या आसपास गेला की त्याची चमक निम्मी होते. सी टोकाला लावलेला टॅग मात्र सायटोप्लाझममध्ये राहतो. तिथला सामू सातच्या वर असतो, आणि सियालिक आम्लाला चिकटणारं डोकंही मोकळं राहतं. म्हणून सुरुवातीला सी टोकच निवडा.

यालाही किंमत आहे. त्या शेपटीत आणि तिच्या लगतच्या भागात सिस्टीन आहेत, त्यांना पामिटिक आम्ल जोडलं जातं, आणि विषाणू पेशीतून बाहेर पडताना हा भाग कामाचा असतो. त्याला सुमारे दोनशे चाळीस अमिनो आम्लांचं ओझं बांधल्यावर तो पूर्वीसारखाच वागेल असं गृहीत धरू नका. पृष्ठभागावरचा वावर आणि जमाव पाहायचा असेल तर असा टॅग चालतो. २००७ मध्ये सॅम्युअल हेस आणि सहकाऱ्यांनी जिवंत फायब्रोब्लास्ट पेशींच्या पटलावरचे हिमॅग्लुटिनिनचे पुंजके सुमारे ४० नॅनोमीटरच्या बारकाईने दाखवले, तेही प्रकाशाने सक्रिय होणाऱ्या चमकत्या टॅगच्या जोरावरच.

इन्फ्लुएन्झाचं दुसरं पृष्ठप्रथिन, न्यूरामिनिडेज, नेमकं उलटं बसतं. त्याचं एन टोक आत असतं आणि सी टोक बाहेर. त्यामुळे हिमॅग्लुटिनिनची रचना पाहून तसंच न्यूरामिनिडेजचं प्लाझ्मिड बनवायला गेलात तर टॅग चुकीच्या बाजूला जाईल.

दुसरा प्रश्न व्हेक्टरच्या, म्हणजे जनुक बसवायच्या तयार प्लाझ्मिडच्या, नावाचा. क्लोनटेकची पीईजीएफपी-एन१ आणि पीईजीएफपी-सी१ ही जोडी अजूनही प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये सगळीकडे सापडते. एन१ म्हणजे टॅग एन टोकाला, असं वाटणं साहजिक आहे, पण ते चूक आहे. ते अक्षर तुमचं जनुक ईजीएफपीच्या कुठल्या टोकाला जातं ते सांगतं. एन१ मध्ये तुमचं प्रथिन ईजीएफपीच्या एन टोकाला, म्हणजे ईजीएफपी तुमच्या प्रथिनाच्या सी टोकाला. आपल्याला हवं ते हेच.

तिसरा प्रश्न फ्रेमचा, म्हणजे तीन-तीन बेसच्या कोडॉनची गटवारी दोन्ही जनुकांत जुळण्याचा, आणि इथे घाई करू नका. हिमॅग्लुटिनिनचा थांबा-कोडॉन काढलेला असला पाहिजे. त्याच्या शेवटच्या कोडॉनपासून ईजीएफपीच्या पहिल्या कोडॉनपर्यंत जितके बेस आहेत त्या संख्येला तीनने पूर्ण भाग गेला पाहिजे. मधे ग्लायसीन-सेरीनचा लवचीक दुवा असेल तर उत्तम. ईजीएफपीचा स्वतःचा आरंभ-कोडॉन शिल्लक असेल तर लक्षात ठेवा की फ्रेम चुकूनही तिथून थोडं सुटं ईजीएफपी बनू शकतं, आणि पेशी फिकट हिरव्या दिसतात. नवीन रचना करत असाल तर तो आरंभ-कोडॉन काढूनच टाका.

शेवटी टॅगचा प्रकार. मूळ ईजीएफपी दाटीत एकमेकांना किंचित चिकटतं. सायटोप्लाझममध्ये सुटं असताना फरक पडत नाही, पण पटलावर दाटीने बसणाऱ्या हिमॅग्लुटिनिनच्या बाबतीत त्यामुळे खोटे पुंजके दिसू शकतात. २०६ व्या जागी अ‍ॅलॅनिनऐवजी लायसीन असलेला एकेरी प्रकार मिळत असेल तर तोच घ्या. सुपर-रिझोल्यूशन, म्हणजे नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाच्या मर्यादेपेक्षा बारीक चित्रण, करायचं असेल तर डेंड्रा२सारखा, प्रकाश टाकला की हिरव्याचा लाल होणारा टॅग लागतो. साध्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकासाठी त्याच्या भानगडीत पडू नका. तो रोजच्या निळ्या प्रकाशातही हळूहळू लाल होतो आणि दुसऱ्या लाल रंगाशी घोळ घालतो.

परवानगी आणि पार्सल

भारतात पुनर्संयोजित डीएनएचं काम १९८९ च्या नियमांखाली येतं आणि प्रत्येक संस्थेत त्यासाठी जैवसुरक्षा समिती असते. प्रकल्पाचा अर्ज तिच्याकडे आधी द्या. प्लाझ्मिड येऊन फ्रीजरमध्ये पडलंय आणि समितीची बैठक अजून ठरलेली नाही, ही अवस्था कुणालाच सोयीची नसते. अर्जात एकच जनुक, विषाणू तयार होत नाही, कुठल्या पेशी, कुठली जैवसुरक्षा पातळी, हे चार मुद्दे स्पष्ट लिहा. मानवी पेशी वापरणार असाल तर दुसऱ्या पातळीची काळजी धरा.

अमेरिकेतल्या अ‍ॅडजीनसारख्या ना-नफा संग्रहाकडून मागवलं तर साहित्य-हस्तांतराच्या करारावर संस्थेची सही लागते, विद्यार्थ्याची चालत नाही. तिथून बहुधा अगारमध्ये टोचलेले जिवाणू येतात. ते आल्याच दिवशी योग्य अँटिबायोटिकच्या प्लेटवर रेघा मारून सुटे करा. एकच कॉलनी उचलायची, ढीग नाही.

शेजारच्या प्रयोगशाळेकडून मिळत असेल तर अजून सोपं. फिल्टर पेपरवर वाळवलेला थेंब पाकिटातून येतो. पेन्सिलीने काढलेलं वर्तुळ कापा, टीई बफरच्या पन्नास-शंभर मायक्रोलिटरमध्ये भिजवा, त्यातलं थोडं ट्रान्सफॉर्मेशनला, म्हणजे जिवाणूत घालायला, वापरा. ट्यूबमधून आणायचं असेल तर ठाण्याहून खारघरपर्यंत ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत बर्फाची पेटी सांभाळायची गरज नाही. टीईमधलं शुद्ध डीएनए सामान्य तापमानाला मजेत टिकतं, ट्यूब झाकणावरून पॅराफिल्म लावून खिशात ठेवा. कॉम्पिटंट पेशी, म्हणजे डीएनए आत घेण्याजोगे केलेले जिवाणू, आणायच्या असतील तर मात्र बर्फ सोडा आणि सरळ ड्राय आइस घ्या.

जिवाणूत वाढवणं

डीएच५अल्फा या जिवाणूच्या पेशी बर्फावर वितळवा, एक मायक्रोलिटर प्लाझ्मिड घाला, अर्धा तास बर्फात, ४२ अंशांवर पंचेचाळीस सेकंद, पुन्हा दोन मिनिटं बर्फात. मग एसओसी माध्यम घालून ३७ अंशांवर एक तास हलवा. अ‍ॅम्पिसिलिनच्या प्लाझ्मिडला हा तास थोडा कमी केला तरी चालून जातं. पीईजीएफपी कुळातलं प्लाझ्मिड कॅनामायसिनवर निवडलं जातं, आणि कॅनामायसिन जिवाणूची प्रथिननिर्मितीच बंद पाडतं. प्रतिरोधाचं प्रथिन बनायला तास दिला नाही तर प्लेट रिकामी राहते. कॅनामायसिनचं प्रमाण मि.ली.ला ५० मायक्रोग्रॅम.

पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत ओतलेल्या प्लेटा दोन दिवस झाले तरी वाळत नाहीत. झाकणाला आतून पाणी साचतं, ते अगारवर ओघळतं आणि कॉलन्या एकमेकींत मिसळतात. जून ते सप्टेंबर प्लेटा लॅमिनार हूडमध्ये झाकण तिरकं ठेवून अर्धा तास वाळवा आणि उलट्या ठेवा. एलबी अगार आणि अँटिबायोटिकं वागळे इस्टेटच्या हायमीडियाची घेतली तरी या कामाला पुरेशी आहेत. महागडं परदेशी माध्यम ट्रान्सफेक्शनसाठी राखून ठेवा.

एका कॉलनीपासून पाच मि.ली. रात्रभर वाढवा. त्यातलं थोडं ग्लिसरॉल घालून उणे ८० ला ठेवा, उरलेल्याचं मिनीप्रेप करा, म्हणजे त्यातून प्लाझ्मिड वेगळं काढा. १९७९ मध्ये बिर्नबॉइम आणि डोली यांनी दिलेली अल्कली लायसिसची, म्हणजे अल्कलीने पेशी फोडण्याची, युक्तीच आजच्या किटमध्ये आहे. दुसरा बफर घातल्यावर व्हॉर्टेक्स करायचं नाही, ट्यूब हळुवार उलटी-सुलटी करायची आणि पाच मिनिटांच्या आत तिसरा बफर घालायचा. नाहीतर जिवाणूचं स्वतःचं डीएनए तुटून प्लाझ्मिडमध्ये मिसळतं. नॅनोड्रॉपवर, म्हणजे डीएनए मोजायच्या यंत्रावर, प्रकाशशोषणाचं २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास हवं. २६०/२३० दोनच्या बरंच खाली असेल तर मीठ राहिलंय, आणि ट्रान्सफेक्शनमध्ये त्याचा त्रास होतो.

प्लाझ्मिड तेच आहे ना?

लेबलवर विश्वास ठेवू नका, अगदी मैत्रिणीच्या प्रयोगशाळेतून आलेलं असलं तरी.

पीईजीएफपी-एन१ सुमारे ४.७ किलोबेसचं आहे, हिमॅग्लुटिनिनचा भाग सुमारे १.७ चा. एकूण ६.४ च्या आसपास. जनुकाला न कापणाऱ्या आणि व्हेक्टरला एकदाच कापणाऱ्या एन्झाइमने कापल्यावर अ‍ॅगारोज जेलवर ६.४ ची एकच पट्टी दिसली पाहिजे. एजीई-१ आणि नॉट-१ या एन्झाइमांच्या जोडीने कापलं तर ईजीएफपीचा ०.७ चा तुकडा सुटतो, बाकी ५.७. तुमच्या स्ट्रेनच्या जनुकात यांच्या जागा नाहीत ना, ते नकाशात आधी बघा. न कापलेलं प्लाझ्मिड शेजारच्या रांगेत चालवलं तर ते गुंडाळलेलं असल्याने जास्त पुढे पळतं, म्हणून त्याचा आकार पट्टीवरून मोजू नका.

एक्सबीए-१ वापरायच्या मोहात पडू नका. पीईजीएफपी-एन१ मधली त्याची जागा डीएच५अल्फासारख्या जिवाणूत मिथिलेशनने (डीएनएवर मिथाइल गट बसून) झाकली जाते आणि एन्झाइम कापतच नाही. लोक एन्झाइम खराब म्हणून नवं मागवतात.

मग सँगर सिक्वेन्सिंग, म्हणजे बेसचा क्रम वाचणं. एका रीडमध्ये, म्हणजे एका वाचनात, सातशे ते नऊशे बेस विश्वासाने वाचता येतात, आणि प्राइमरजवळचे पहिले तीस-चाळीस बेस धूसर येतात. १.७ किलोबेससाठी एक रीड जनुकाच्या आधीच्या सीएमव्ही प्रमोटरकडून, दुसरी ईजीएफपीच्या आतून मागे, आणि मधला भाग सुटत असेल तर जनुकातला एक प्राइमर. पैसे वाचवायचेच असतील तर मधला सोडा, ईजीएफपीकडचा कधीच नाही. जोडाचा सांधा आणि फ्रेम तिथेच दिसते.

पेशी निवडणं आणि ट्रान्सफेक्शन

सोपं म्हणून सगळे एचईके२९३टी या मानवी पेशी घेतात. या प्रथिनासाठी माझा त्यांना विरोध आहे. एक तर त्या पेशी जाड, गोलसर असतात, कडा आणि आतलं वेगळं ओळखणं कठीण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पीईजीएफपी-एन१ मध्ये एसव्ही४० विषाणूची ओरिजिन, म्हणजे डीएनएची प्रत सुरू होण्याची जागा, असते, आणि २९३टीत एसव्ही४० चं टी-अँटिजेन असतं, त्यामुळे प्लाझ्मिड पेशीच्या आतच वाढतं. कॉस-७ पेशींचंही तेच. प्रथिन इतकं बनतं की ईआरमध्ये सकाळच्या ठाणे स्टेशनच्या पुलासारखी दाटी होते आणि पृष्ठभागाकडे जाणारं प्रथिन आतच अडकलेलं दिसतं. चित्र काढायला हेला किंवा एनआयएच३टी३ पेशी घ्या, आणि २९३टी वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्यासाठी) ठेवा. ध्रुवीय, म्हणजे वरची-खालची बाजू वेगळी असलेल्या, पेशीत हिमॅग्लुटिनिन वरच्या बाजूलाच का जातं हा तुमचा प्रश्न असेल तर एमडीसीके ही पेशी लागेल, पण तिच्यात ट्रान्सफेक्शन कमी होतं, वेळ धरून चला. पेशी पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संग्रहातून मिळतात. आल्या की मायकोप्लाझ्माची (पेशींच्या वाढीत लपून राहणाऱ्या जिवाणूची) तपासणी करून घ्या.

पस्तीस मि.मी.च्या, काचेच्या तळाच्या डिशमध्ये आदल्या संध्याकाळी पेशी पेरा, दुसऱ्या दिवशी साठ-सत्तर टक्के जागा भरलेली हवी. तळाची काच ०.१७ मि.मी.ची, म्हणजे क्रमांक १.५ ची असू द्या, नाहीतर तेलाच्या लेन्सखाली चित्र फुटतं. शंभर मायक्रोलिटर सीरमविरहित माध्यमात एक मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड, त्यात मि.ली.ला एक मि.ग्रॅ. ताकदीचं पीईआय (डीएनए पेशीत नेणारं अभिकर्मक) तीन मायक्रोलिटर, मिसळून पंधरा मिनिटं ठेवा, मग थेंबथेंब डिशमध्ये. चार-सहा तासांनी माध्यम बदला. लिपोफेक्टामिन वापरत असाल तर कंपनीच्या पत्रकाप्रमाणे करा, पण डीएनए त्यांनी सांगितल्याच्या निम्म्याने सुरू करा. उरलेली निम्मी मात्रा रिकाम्या, जनुकविरहित प्लाझ्मिडने भरा, म्हणजे डीएनए आणि अभिकर्मकाचं गुणोत्तर बिघडत नाही.

याच दिवशी शेजारी आणखी तीन डिश लावा: काहीच न घातलेली, नुसतं ईजीएफपीचं प्लाझ्मिड घातलेली, आणि टॅग नसलेलं हिमॅग्लुटिनिन घातलेली. या नसतील तर पुढची चित्रं वाचता येणार नाहीत.

पावसाळ्यात कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेत बुरशी धरते. ट्रे आठवड्याला रिकामा करून निर्जंतुक पाणी भरा. आणि वीज गेल्यावर इन्क्युबेटर यूपीएसवर आहे की फक्त फ्रीजर, हे एकदा विद्युत विभागातल्या माणसाला विचारून ठेवा.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसायला हवं

पहिलं चित्र वीस-चोवीस तासांनी घ्या. फिनॉल रेड असलेलं माध्यम काढून टाका, ते स्वतःच हिरवट चमकतं. ईजीएफपीला ४८८ नॅनोमीटरचा लेझर, आणि ५०७ च्या आसपासचा उजेड गोळा करणारा फिल्टर.

नुसत्या ईजीएफपीच्या डिशमध्ये पेशी सगळीकडून सारखी भरलेली दिसेल, केंद्रकासकट, कारण ते प्रथिन केंद्रकात शिरण्याइतकं लहान आहे. हिमॅग्लुटिनिनच्या डिशमध्ये केंद्रक काळं हवं. त्याच्या कडेला चंद्रकोरीसारखी गॉल्जी, आणि पेशीच्या मधल्या पातळीवर फोकस केला तर बाहेरून बारीक उजळ रेघ. केंद्रकातही हिरवं दिसलं तर सुटं ईजीएफपी आहे. मागे फ्रेमच्या आणि आरंभ-कोडॉनच्या मुद्द्याकडे जा.

सर्वांत झगमगत्या पेशीचा फोटो काढायचा मोह आवरा. ती जवळजवळ नेहमी अतिउत्पादनाने आजारी असते: जाळीदार ईआर भरलेलं, कडा नाही. फिकट पेशी शोधा, लेझर वाढवा. शंका असेल तर सायक्लोहेक्झिमाइड घालून नवीन प्रथिन बनणं थांबवा आणि दोन तासांनी पुन्हा बघा. आतली चमक ओसरून कडेला गेली तर वाहतूक सुरू आहे. जागची हलली नाही तर प्रथिनाची घडी बिघडली आहे.

पेशी आहेत तशाच स्थिर करून (फिक्स करून) ठेवायच्या असतील तर चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, पंधरा मिनिटं. मिथेनॉल नको, त्याने जीएफपीची चमक जाते.

पृष्ठभागावर पोचल्याचा पुरावा

टॅग आतल्या बाजूला आहे, म्हणून टॅगवरून "बाहेर आलं" असं म्हणता येत नाही. उजळ रेघ म्हणजे पटलाच्या अगदी आतला थरही असू शकतो. पेशीला छिद्रं न पाडता, म्हणजे ट्रायटन न वापरता, हिमॅग्लुटिनिनच्या डोक्याविरुद्धची अँटिबॉडी लाल रंगात लावा. लाल फक्त बाहेर पोचलेलं दाखवेल, हिरवं सगळं. छिद्रं पाडलेली दुसरी डिश तुलनेला ठेवा. अँटिबॉडी घेताना वरची ठोकर पुन्हा खाऊ नका: पुष्कळदा "अँटि-एचए" म्हणून विकली जाते ती नऊ अमिनो आम्लांच्या टॅगविरुद्धची असते, आणि तो तुकडा एच३ कुळातला आहे. तुमचं प्रथिन एच१ असेल तर ती काहीच दाखवणार नाही, आणि तुम्ही दोष बिचाऱ्या प्लाझ्मिडला द्याल. उपप्रकाराची नेमकी अँटिबॉडीच मागवा.

कार्य तपासायला जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे कोंबडीच्या धुतलेल्या लाल रक्तपेशी. घडी नीट असलेलं हिमॅग्लुटिनिन त्यांना पकडून ठेवतं आणि ट्रान्सफेक्ट झालेल्या पेशींवर त्यांचा जमाव दिसतो. त्याआधी ट्रान्सफेक्ट केलेल्या पेशींना जिवाणूजन्य न्यूरामिनिडेज द्यायला विसरू नका, कारण इथे विषाणूचं न्यूरामिनिडेज नाही. हिमॅग्लुटिनिनच्या स्वतःच्या आणि शेजारच्या साखरांवरचं सियालिक आम्ल तसंच राहिलं तर ते आपसातच गुंतून बसतं.

वेस्टर्न ब्लॉटवर जीएफपीविरुद्धची अँटिबॉडी लावली की साखरा धरून साधारण १०० किलोडाल्टनच्या आसपास पट्टी यायला हवी. २७ ला ठसठशीत पट्टी असेल तर टॅग तुटून सुटा झालाय किंवा मुळात सुटाच बनतोय, आणि सूक्ष्मदर्शकाखालची निम्मी चमक त्याची आहे. हा ब्लॉट चित्रांच्या आधी करा, नंतर नाही. मार्गदर्शक सर किंवा मॅडम पहिला प्रश्न हाच विचारतात.

सगळं जुळलं की त्याच कॉलनीचं मिडीप्रेप (मिनीप्रेपचंच मोठं रूप), एंडोटॉक्सिनविरहित किटने, एकदम जास्त करून ठेवा. ट्यूबवर नुसतं "एचए-जीएफपी" लिहू नका. स्ट्रेन, उपप्रकार, टॅगचं टोक, व्हेक्टर, अँटिबायोटिक, तारीख आणि सिक्वेन्सिंगच्या फाइलचं नाव लिहा, तेही अल्कोहोलने न पुसणाऱ्या पेनने. पुढे कुणी ते मागितलं तर देण्याआधी करारातली हस्तांतराची अट वाचा. बहुतेक वेळा त्यांनी ते मूळ संग्रहाकडूनच मागवावं लागतं.